पूजेला बसलेली बॅट

"हत्यारं निजल्यात," ज्ञानू मेस्त्री म्हणाला. "परवा या."

मी दारात उभा होतो. माझ्यामागं, चौकटीला डोकं आपटू नये म्हणून मान वाकवून, सहा फूट दोन इंच उंचीचा एक ऑस्ट्रेलियन उभा होता आणि त्याच्या दोन्ही हातांवर, तान्हं पोर घ्यावं तशी, एक चिरलेली बॅट आडवी होती.

"परवा कसं चालेल मेस्त्री? उद्या सकाळी मॅच आहे."

"मग उद्याच्याला दुसरी घ्या म्हणावं की. आज खंडेनवमी. आज ह्या घरात लाकडाला लोखंड लागत न्हाई. आज्यानं लावलं न्हाई, बापानं लावलं न्हाई, आन् मी लावू व्हय?"

त्यानं आत बोट दाखवलं. सोप्यात भिंतीकडेला पाटावर लाल कापड अंथरून त्याची सगळी हत्यारं ओळीनं मांडली होती. करवत, रंधा, वाकस, पटाश्या, गिरमिट, शिकंजा, हातोडा. प्रत्येकाला हळद-कुंकू लावलेलं, प्रत्येकावर एक झेंडूचं फूल. हातोडा तर इतका सोवळा दिसत होता की यानं आयुष्यात कधी खिळा पाहिला असेल असं वाटेना.

मी मूळचा रत्नागिरीचा. आमच्या आठल्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या हत्यार म्हणजे टाक नाहीतर पेन. खंडेनवमीला काय करतात, कधी करतात, यातलं मला ओ की ठो ठाऊक नव्हतं. कोल्हापुरात मी कॉलेजात इंग्रजी शिकवायला आलो होतो. वय अठ्ठावीस, लग्न व्हायचं होतं, आणि स्टाफच्या संघाकडून सलामीला खेळत होतो. माझी सर्वोच्च धावसंख्या त्रेचाळीस, तीही बँकवाल्यांविरुद्ध. ऑस्ट्रेलियाचा संघ तीन दिवसांच्या सामन्यासाठी गावात येणार असं ठरलं, तेव्हा क्रिकेट संघटनेच्या सेक्रेटरींनी मला बोलावून सांगितलं, "आठल्ये सर, तुमचं इंग्रजी झ्याक आहे. पाहुण्यांबरोबर तुम्ही राहायचं." मी हरखून गेलो. पहिल्या दिवशीच कळलं की हे पाहुणे जे बोलतात ते इंग्रजी असलंच तर मी शिकवतो ते नव्हे. दुसऱ्या दिवशी निम्मं कळू लागलं. म्हणून त्यांचं बोलणं मी इथं सरळ मराठीतच सांगतो.

हा जो मागं मान वाकवून उभा होता, तो डग टिल्डन. वय तेहतीस. नऊ वर्षं ऑस्ट्रेलियाचा सलामीचा फलंदाज, सात कसोटी शतकं. पण या दौऱ्यात त्याचं ग्रहमान फिरलं होतं. पाच डावांत मिळून सव्वीस धावा. त्या दिवशी सकाळी नाश्त्याला मी त्याच्या शेजारी इडली खात बसलो असताना मॅनेजर आला आणि माझ्यादेखत, आवाज न चढवता बोलला, "डग, कोल्हापूरच्या सामन्यानंतर कसोटीचा संघ जाहीर करायचाय. तुझ्या जागेवर डोळा ठेवून वीस वर्षांचा पोरगा बसलाय. उद्या धावा कर, नाहीतर मला काही बोलू नकोस." तेहतिसाव्या वर्षी संघातून बाहेर गेलेला सलामीवीर परत आत येत नाही, हे सांगायला मॅनेजरची गरज नव्हती. डगनं मान हलवली आणि तो सरावाला गेला. तिथं दुसऱ्याच षटकात बॅट चिरली.

तशा किटमध्ये आणखी तीन होत्या, नव्या कोऱ्या. "त्यांच्यात जीव नाही," एवढंच तो म्हणाला. त्याची शेवटची दोन शतकं या जुन्या बॅटनं झाली होती. मला एकच माणूस ठाऊक होता. मंगळवार पेठेतला ज्ञानू मेस्त्री तालमींना करेली, म्हणजे व्यायामाचे लाकडी मुद्गल, करून द्यायचा आणि फावल्या वेळात गावभरच्या बॅटी सांधायचा. माझी त्रेचाळीसवालीसुद्धा त्यानं तीनदा सांधली होती, तेही मी डगला सांगितलं. मी डगला स्कूटरवर मागं बसवलं. त्याचे पाय रस्त्याला घासत होते आणि पेठेतली निम्मी पोरं आमच्यामागं पळत होती.

आणि आता मेस्त्री म्हणत होता, परवा या.

"बघा तरी एकदा," मी म्हणालो. "बघायला काही लोखंड लागत नाही ना?"

मेस्त्रीनं जन्मात क्रिकेटचा सामना पाहिला नव्हता. चेंडू कशाला मारतात याबद्दल त्याला काडीचं कुतूहल नव्हतं. पण लाकूड समोर आलं की हा माणूस विरघळायचा. त्यानं बॅट घेतली, उलटी केली, मुठीच्या पाचरीपासून पात्यात उतरलेल्या चिरेवरून अंगठा फिरवला. मग बॅट कानाशी धरून बोटाच्या पेरानं टकटक केलं. थोडं खाली सरकून पुन्हा टकटक.

"लई खेळलीय," तो म्हणाला.

"होईल का?"

"हत्यारं निजल्यात म्हटलं न्हवं?"

तेवढ्यात चुलीपाशी पुरण वाटत बसलेली हौसाक्का, मेस्त्रीची बायको, आतून कडाडली. "हत्यारं निजल्यात, हात निजल्यात व्हय? पावना एवढ्या लांबनं आलाय, तोंड बगा त्याचं. उपाशी वासरागत झालंय."

"आगं पर लोखंडाशिवाय..."

"लोखंड नगंच. सरस हाय, दोरा हाय, दिव्याची फुटकी काच हाय. तुमचा बा काचंनंच घासायचा, तुमीच सांगता की चारचौघांत."

मेस्त्रीनं हत्यारांकडं बघितलं, बायकोकडं बघितलं आणि सदऱ्याच्या बाह्या मागं सारल्या. मी डगकडं वळून म्हणालो, "करतोय!" डगनं लगेच चपळाईनं बूट काढले आणि मांडी घालायचा प्रयत्न केला. ती काही जमेना, शेवटी गुडघे हनुवटीशी घेऊन बसला.

पुढचा तासभर मी असं काम पाहिलं की अजून डोळ्यांपुढं आहे. हौसाक्कानं डब्यात सरस विरघळवला. घरभर असा काही वास सुटला की डगनं नाक मुरडलं आणि मग सभ्यपणे 'वा' म्हणाला. मेस्त्रीनं काचेच्या तुकड्यानं चिरेच्या कडा खरवडल्या, काडीनं आत सरस भरला. डगनं पातं गुडघ्यांत धरलं, मेस्त्रीनं सुतळीचे वेढे घेतले. पण वेढे घट्ट बसेनात. एरवी शिकंजा लावला असता, पण तो तिकडं फूल डोक्यावर घेऊन बसला होता.

"पीळ द्यायला कायतरी द्या," मेस्त्री म्हणाला.

हौसाक्कानं लाटणं पुढं केलं.

"आन् ह्ये हत्यार न्हवं व्हय?"

"हाय की. माझं हाय. आन् त्याला सुट्टी कवाच नसती."

मी हे डगला समजावून सांगितलं. आठवड्याभरात पहिल्यांदा तो मोठ्यानं हसला. इतकं हसला की पातं गुडघ्यांतून सुटलं आणि मेस्त्रीनं त्याला, कसोटीत सात शतकं केलेल्या माणसाला, सरळ दरडावलं, "नीट धरा की वो!" त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

लाटणं सुतळीत अडकवून मेस्त्रीनं पीळ दिला, चिरेतून सरसाचे थेंब बाहेर आले. आता तीन-चार तास हलवायची नाही, असं ठरलं. तीन-चार तास! दुपारी दोनला पुन्हा सराव होता, मॅनेजर वाट बघत असणार. मी चुळबुळ करू लागलो. हौसाक्कानं ताटं वाढली. पुरणपोळी, कटाची आमटी, भात. डगनं आमटीची वाटी तोंडाला लावून रिकामी केली, पुन्हा पुढं केली, पुन्हा रिकामी केली. मग सोप्यातल्या घोंगडीवर आडवा झाला आणि बघता बघता घोरायला लागला.

"उठवू का? सराव आहे त्याचा," मी हलक्या आवाजात विचारलं.

"निजू द्या," मेस्त्री म्हणाला. "कवापासनं निजलेलं न्हाई ते. डोळं बगा की."

मी पाहिले. खरंच, आठवडाभर मी त्याच्याबरोबर होतो आणि त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला दिसली नव्हती. मी इंग्रजी समजून घेण्यात गर्क होतो.

चार वाजता तो उठला, तोंड धुतलं. मेस्त्रीनं सुतळी सोडली, वाळलेला सरस काचेनं घासला आणि चिरेवर बारीक दोऱ्याचे वेढे इतके सफाईनं दिले की जणू ते जन्मापासून तिथंच होते. मग बॅट कानाशी धरली. टकटक. थांबला. पुन्हा टकटक. डगच्या हातात दिली.

डगनं मूठ धरली, अंगणात पवित्रा घेतला, बॅट दोनदा जमिनीवर टेकवली. अंगठा पाचरीवर दाबला. मी त्याच्या चेहऱ्याकडं आशेनं बघत होतो, पण चेहरा पाटीसारखा कोरा. मग तो वळला, सोप्यात आला, हत्यारांच्या ओळीपुढं उभा राहिला आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं वाकून आपली बॅट ओळीच्या टोकाला, रंध्याच्या शेजारी, आडवी ठेवली.

हौसाक्काचा हात सवयीनं हळद-कुंकवाच्या कोयरीकडं गेला. पात्याला हळद, हळदीवर कुंकू, वर झेंडू. मेस्त्रीनं हात जोडले. डगनंही जोडले. मी म्हणालो, "व्वा! फार छान!" आणि डगला म्हणालो, "चल, उशीर झालाय, घे ती."

"घे ती कसं?" मेस्त्री म्हणाला. "पूजंला बसली आता. उद्या शिलंगण झाल्याबिगर उठायची न्हाई."

मी ओरडलो, "अहो, शिलंगण संध्याकाळी! सामना सकाळी साडेदहाला!"

"मग मी काय करू? मी ठिवली? त्यानं ठिवली."

"त्याला काय ठाऊक तुमचे नियम? त्याचं पोट आहे हो त्यावर!"

"माझंबी पोट ह्याच्यावरच हाय, मास्तर," मेस्त्री ओळीकडं हात करून म्हणाला. "म्हणून तर हात लावत न्हाई."

मी हौसाक्काकडं पाहिलं. लाटण्यासाठी भांडणारी बाई या वेळी मात्र पदराशी चाळा करत गप्प उभी राहिली.

आता हे डगला सांगायचं माझ्यावर आलं. मी शब्द जुळवले, मोडले, पुन्हा जुळवले. शेवटी एका दमात सांगितलं की तू ती तिथं ठेवलीस, आता उद्या सूर्य मावळेपर्यंत ती उचलता येणार नाही. वाटलं, हा आता ओरडेल. त्यानं बॅटकडं बघत विचारलं:

"त्यांच्या घरचा नियम आहे?"

"हो."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि बूट घालू लागला.

परतताना तो मागं शीळ घालत होता. मी मात्र पुढं बसून स्वतःला शिव्या देत होतो. एका माणसाचं नऊ वर्षांचं करिअर मी हौसेनं मंगळवार पेठेत नेऊन बुडवलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी सहाला मी पुन्हा मेस्त्रीच्या दारात. म्हटलं, पाया पडू, गयावया करू. दाराला तोरण लागलं होतं, उंबऱ्यापाशी लाकडाचा ताजा भुसा पडला होता. तो मी पाहिला आणि ओलांडून आत गेलो. मेस्त्रीनं चहा दिला, बॅट दिली नाही.

"मास्तर, जावा. देवाच्या मनात असंल तसं हुईल."

"नाणेफेक आपण जिंकावी आणि आपणच फलंदाजी घ्यावी, एवढं तरी देवाच्या मनात असू दे," मी चडफडत म्हणालो.

ते नव्हतं. दहा वाजता नाणेफेक ऑस्ट्रेलियानं जिंकली आणि फलंदाजी घेतली. मी ड्रेसिंग रूमच्या दारात खांबाला धरून उभा. डगनं एक नवी बॅट उचलली, ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. मग माझ्याकडं बघून हाक मारली, "आर्वी!" माझं नाव अरविंद, त्याच्या जिभेला तेवढंच पेलायचं. "तू त्रेचाळीस धावा कुठल्या बॅटनं केल्यास?"

"माझ्या."

"कुठं आहे ती?"

"खोलीवर. कॉटखाली."

"पूजेला नाही बसवलीस?"

"माझ्या बॅटला कोण पूजेला बसवणार?" मी म्हणालो. "ती कुठं हत्यार आहे?"

"मग मोकळीच आहे की," डग म्हणाला. "आण. मेस्त्रीनं सांधलीय ना ती?"

स्कूटर मी कशी हाकली ते मला ठाऊक नाही. दहा पंचवीसला परत आलो. बॅटवर कॉटखालची धूळ होती, कोळिष्टक होतं. पात्याला तीन ठिकाणी मेस्त्रीचे दोरे गुंडाळलेले. पाठीवर मी तांबड्या रंगानं लिहिलं होतं: अ. वि. आठल्ये, स्टाफ. ती बघून ऑस्ट्रेलियाचे खेळाडू पोट धरून हसले. वीस वर्षांचा तो पोरगाही हसला, मग मॅनेजरकडं बघून थांबला. डगनं बाहीनं धूळ पुसली, बॅट कानाशी धरली, बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि मला डोळा मारला.

पहिला चेंडू हुकला. दुसरा कड घेऊन स्लिपच्या पुढ्यात टप्पा पडून गेला. अख्ख्या मैदानानं 'अरारारा' केलं. माझे डोळे मिटले गेले. तिसऱ्या चेंडूला मी फक्त आवाज ऐकला. ठण्ण! डोळे उघडले तर चेंडू कव्हरच्या कुंपणाला लागून परत येत होता.

त्यानंतर जे झालं ते वर्णन करायला कुठल्याही भाषेचा प्राध्यापक असून उपयोग नाही. तो माणूस खेळला, म्हणजे अक्षरशः खेळला. चुकला की हसायचा, मारला की हसायचा, आमच्या पोरांनी चांगला चेंडू टाकला की बॅटवर टाळी द्यायचा. आमच्या कॅप्टननं पाच गोलंदाज बदलले. जेवणाआधी त्याच्या एकसष्ट झाल्या होत्या. जेवणानंतर मी पायऱ्यांवरून चक्कर मारत होतो तर साइटस्क्रीनच्या बाजूला, दसऱ्याचा नवा फेटा बांधून, डोळे मिटून, ज्ञानू मेस्त्री उभा! शेजारी नव्या लुगड्यातली हौसाक्का भुईमुगाच्या शेंगा खात होती.

"मेस्त्री, तुम्ही? आणि डोळे मिटून काय बघताय?"

"बगाय न्हाई आलो," तो डोळे न उघडता म्हणाला. "ऐकाय आलोय."

ठण्ण!

"ही खणखणीत हाय," तो पुटपुटला.

शंभरावी धाव डगनं पळून काढली. सगळं मैदान उभं राहिलं. डगनं हेल्मेट काढलं, बॅट उंच केली, आणि तिच्या पाठीवरचं 'अ. वि. आठल्ये, स्टाफ' दसऱ्याच्या उन्हात सगळ्या कोल्हापुरानं वाचलं. माझ्या विद्यार्थ्यांनी जी आरोळी ठोकली ती ऐकून प्राचार्यसुद्धा टाळ्या वाजवायला लागले. मग डगनं बॅट खेळपट्टीवर आडवी ठेवली, वाकून तिला बोटं लावली आणि ती बोटं कपाळाला लावली, अगदी मेस्त्री लावतो तशी. नंतरचा गोंगाट दसरा चौकापर्यंत ऐकू गेला असेल. हौसाक्का शेंगा टाकून रडत होती, आणि मी कुणाच्या तरी काकांच्या गळ्यात पडलो होतो.

एकशे अडतीस. दुसऱ्या दिवशीच्या एका वर्तमानपत्रात 'टिल्डन सध्या आठल्ये कंपनीच्या बॅटनं खेळतो' असं छापून आलं. पुढं वर्षभर लोक माझ्याकडं बॅटींचे भाव विचारत होते.

संध्याकाळी शिलंगण झालं. डग मला घेऊन मेस्त्रीच्या घरी आला, हातात आपट्याची पानं. त्यानं मेस्त्रीला सोनं दिलं, हौसाक्काला दिलं. मेस्त्रीनं पाटावरची बॅट उचलून दोन्ही हातांनी पुढं केली.

"न्या म्हणावं आता."

डगनं मान हलवली. "तिला इथंच राहू द्या. दमलीय ती." आणि मला म्हणाला, "तुझी नेऊ का?"

मी नाही कशाला म्हणतोय! त्यानं मला त्याची एक नवी कोरी बॅट दिली, मी त्याला माझी कॉटखालची दिली. असा सौदा क्रिकेटच्या इतिहासात झाला नसेल. कसोटीच्या संघात त्याचं नाव आलं. पुढं तो आणखी चार वर्षं खेळला, नऊ शतकं केली आणि स्वतःच्या मनानं, हसत निवृत्त झाला. मी ती नवी बॅट घेऊन दहा मोसम खेळलो. सर्वोच्च धावसंख्या त्रेचाळीसच राहिली.

नऊ वर्षांनी तो परत आला. टीव्हीवर बोलायला भारतात आला होता. मध्ये दोन दिवस मोकळे मिळाले तेव्हा कोल्हापूरला आला, आणि मुद्दाम साधून खंडेनवमीलाच. केस पिकले होते, पोट सुटलं होतं. मांडी अजून जमत नव्हती. मेस्त्रीही थकला होता, पण सोप्यात तीच ओळ, तेच लाल कापड, आणि रंध्याशेजारी डगची ती बॅट, कुंकवाचा थर बसून लाल झालेली. दर नवमीला तिला फूल चुकलं नव्हतं.

जेवणं झाली. मेस्त्री तंबाखू मळू लागला. मग म्हणाला, "मास्तर, पावन्याला एक सांगायचंय. नऊ वरसं पोटात हाय. मी त्या दिवशी खोटं बोललो."

"कसलं खोटं?"

"शिलंगणापत्तर उचलायची न्हाई म्हणालो, ते. आमची हत्यारं दसऱ्याला पहाटंच उठत्यात. आंगुळ झाली की मुहूर्ताचं लाकूड तेवढं कापायचं, गिऱ्हाइकाचं काम दुसऱ्या दिशी. तुमी सकाळी पाया पडाय आला, तवा माझी करवत चालून थांबली व्हती."

उंबऱ्यापाशी पडलेला तो ताजा भुसा माझ्या डोळ्यांपुढं आला. मी त्यावरून चालत गेलो होतो!

"आणि हे तुम्ही आज सांगताय? का केलंत असं?"

"बॅट मेली व्हती वो. सांधलं मी, पर आतनं आवाज येईना. पाचरीतच फुटली व्हती. चार चेंडूबी टिकली नसती. ती मदी मोडली असती तर हा गडी मोडला असता. आन् मेली म्हणून सांगायचं कुणी? तुमी? तोंड बगितलं व्हतं का तुमचं? त्यानं आपल्या हातानं ठिवली, मला देवच पावला. म्हटलं, राहू दे हितंच."

मी हौसाक्काकडं वळलो. "तुम्हालाही ठाऊक होतं?"

"मला न्हाई ठावं व्हणार? म्हणून तर तोंडाला कुलूप घालून हुबी व्हते."

हे सगळं डगला सांगायला मला दोन वेळा पाणी प्यावं लागलं. रागावेल का, दुखावेल का, अशा भीतीनं मी हळूहळू सांगत होतो. त्याच्या ओठांचे कोपरे हलू लागले.

"आर्वी, त्यांना सांग," तो म्हणाला, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"अंगणात पवित्रा घेतला ना, तेव्हा अंगठ्याखाली पाचर हलली. मला कळलं, संपली ही. पण फेकवत नव्हती. किटमध्ये असती तर दुसऱ्या दिवशी हिलाच घेऊन गेलो असतो, आणि गेलो असतो कामातून. मग ती ओळ दिसली. वाटलं, इथं कुणी तिला फेकणार नाही आणि मलाही नेता येणार नाही. मी तर प्रार्थना करत होतो की नियम असू दे."

मी मेस्त्रीला सांगितलं. मेस्त्रीनं तंबाखू मळायची थांबवली. आणि मग तो आणि डग एकमेकांच्या मांडीवर थापा मारत असे हसले की पाटावरचा हातोडा हलला.

"म्हंजे," हौसाक्का पदरानं डोळे पुसत म्हणाली, "त्या दिवशी घरात खुळा एकटा मास्तरच व्हता म्हणा की!"

मीही हसलो. इतका आनंद मला शहाणा असताना कधी झाला नव्हता.

डगनं मग पिशवी उघडली आणि माझी बॅट बाहेर काढली. रंग उडालेला, पण 'आठल्ये, स्टाफ' अजून वाचता येत होतं. त्यानं ती माझ्या हातात दिली आणि ओळीकडं बोट केलं.

"नको रे," मी म्हणालो. "मी मास्तर आहे. माझं कुठं हत्यार?"

"आणा हिकडं," मेस्त्री म्हणाला. त्यानं बॅट कानाशी धरली, पेरानं टकटक केलं, डोळे मिटले.

"ही अजून बोलतीय, मास्तर."

त्यानं ती डगच्या बॅटशेजारी ठेवली आणि हौसाक्कानं कोयरी पुढं ओढली.